हैतीची शाळा आणि हैतीची भाषा

कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाचे नाव आपल्या वृत्तपत्रांत येते ते बहुधा तेथे भूकंप, वादळ किंवा दंगल झाली म्हणजेच. परंतु मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे या विवंचनेत असणाऱ्या पालकांनी या लहानशा देशाच्या शिक्षणाचा इतिहास अवश्य वाचावा, असा तो आहे.

अठराव्या शतकात हा मुलूख 'सां-दोमिंग' या नावाने फ्रान्सची वसाहत होता. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले सुमारे ५ लाख गुलाम राबत असत. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या या माणसांच्या आपसांतील आणि मालकांशी होणाऱ्या व्यवहारातून एक नवी भाषा जन्मास आली, ती क्रेयोल. तिचे शब्द बहुतांशी फ्रेंच, पण व्याकरण तिचे स्वतःचे. ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला, नेपोलियनने पाठविलेल्या फौजेचाही पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा मात्र फ्रेंचमध्ये लिहिला गेला. जे लोक लढले त्यांपैकी बहुतेकांना तो वाचता येत नव्हता, आणि वाचून दाखविला तरी पुरता कळण्याजोगा नव्हता.

नव्या राज्यकर्त्यांना शिक्षणाची आस्था नव्हती असे म्हणता येणार नाही. १८०५ च्या राज्यघटनेत प्रत्येक लष्करी विभागात एक सरकारी शाळा असावी असे कलम होते. विभाग सहा, म्हणजे शाळाही सहाच! पुढे देशाचे दोन भाग झाले. दक्षिणेत पेत्यों यांनी १८१६ मध्ये राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे माध्यमिक शाळा काढली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. उत्तरेत राजा क्रिस्तोफ याने इंग्लंडहून शिक्षक आणवून लँकेस्टर पद्धतीच्या शाळा उघडल्या. या पद्धतीत मोठी मुले लहान मुलांना शिकवीत. अशीच पद्धत डॉ. अँड्र्यू बेल यांनी त्याआधी मद्रासेत चालविली होती. १८२० मध्ये क्रिस्तोफ गेला आणि त्याच्या शाळाही मोडल्या. पण उत्तरेत काय किंवा दक्षिणेत काय, शाळेत फ्रेंच किंवा इंग्रजीच होती. क्रेयोल कोणी शिकविण्याजोगी भाषा मानलीच नाही.

त्यातच १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँकची मागणी केली. गुलामाने आपल्या सुटकेची किंमत मालकाला द्यावी, असा हा न्याय! १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली; पण ती भागविण्यासाठी काढलेल्या कर्जांचा शेवटचा हप्ता फिटण्यास १९४७ साल उजाडले. ज्या तिजोरीतून खेड्यांत शाळा उभ्या राहावयाच्या, ती अशी रिकामी होत गेली. १८६० मध्ये पोपशी करार झाल्यावर फ्रान्सहून धर्मगुरू व जोगिणी आल्या आणि त्यांनी चांगल्या शाळा चालविल्या, परंतु त्यांचा लाभ मुख्यतः शहरांतील घराण्यांना झाला. पुष्कळ शाळांत क्रेयोल बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होई. घरी फ्रेंच बोलणारे लोक शेकडा पाच-दहा; बाकीच्या मुलाने पहिल्या दिवशी शाळेत पाऊल टाकले की त्याची जीभच बंद.

ही कोंडी प्रथम फोडली ती १९४० च्या सुमारास ऑर्मंड मॅकॉनेल या आयरिश पाद्र्याने. त्याने क्रेयोलसाठी उच्चाराप्रमाणे चालणारी लेखनपद्धती बसविली. 'द्लो' म्हणजे पाणी. फ्रेंचमध्ये त्यासाठी सहा अक्षरे लिहावी लागतात, मॅकॉनेलच्या लेखनात तीन पुरतात. १९४३ मध्ये डॉ. फ्रँक लॉबॅक त्याच्या मदतीस आले. 'प्रत्येकाने एकाला शिकवावे' ही त्यांची पद्धत १९३० च्या सुमारास फिलिपाइन्समधील लानाओ प्रांतात, तेथील मुसलमान मारानाओ लोकांत तयार झाली होती. पैसे संपून वर्ग बंद पडण्याची वेळ आली तेव्हा, जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकविलेच पाहिजे, असा दंडक तेथील एका सरदारानेच घातला. हैतीच्या शेतकऱ्याला हातभार लागला तो असा दूरच्या एका गरीब समाजाच्या अनुभवाचा.

पण वाद उठला तो अक्षरांवरून. के, डब्ल्यू आणि वाय ही अक्षरे अमेरिकन दिसतात, अशी विद्वानांची तक्रार होती. १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकन फौजेने देश ताब्यात ठेवला होता. तेव्हा हा संशय अगदीच अनाठायी नव्हता. प्रेसवार यांनी फ्रेंच वळणाची दुसरी लेखनपद्धती सुचविली आणि तीही चालू झाली. शिकणारा मात्र दोहोंच्या मध्ये अडकला.

त्याहून महत्त्वाचा आक्षेप पालकांचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोने जाकमेल शहराजवळच्या मारबियाल खोऱ्यात आपला पहिला मूलभूत शिक्षणाचा प्रयोग हाती घेतला. १९४८ मध्ये आल्फ्रेद मेत्रो यांनी तेथील शेतकऱ्यांच्या जीवनाची पाहणी केली. हा प्रयोग असो की पुढचे प्रयत्न, प्रश्न एकच समोर येई: क्रेयोल तर पोराला येतेच, मग ती शिकायला शाळेत कशाला पाठवायचे? या लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण कोर्ट फ्रेंचमध्ये, जमिनीचे दस्त फ्रेंचमध्ये, नोकरीचा अर्ज फ्रेंचमध्ये. आपल्याला समजत नाही अशा कागदावर अंगठा उठविण्याचे भय ज्याच्या मनात आहे, त्याला त्या कागदाचीच भाषा हवी असणार. आपल्या मुलाला फ्रेंचपासून तोडून गरीबच ठेवण्याचा हा डाव आहे, असे त्याला वाटले तर दोष त्याचा नव्हे. आणि तरीही, न समजणाऱ्या भाषेतले धडे घोकून मूल ना फ्रेंच शिके, ना हिशेब. फ्रेंच बोलता आली म्हणजे अक्कल आली असे नव्हे, ही म्हण त्याच लोकांनी केली आहे.

१९७९ मध्ये शिक्षणमंत्री जोसेफ बर्नार यांनी पहिली चार वर्षे क्रेयोलमधून शिक्षण आणि पुढे फ्रेंच, अशी सुधारणा आणली. लेखनपद्धतीही एक ठरली आणि तिच्यात के, डब्ल्यू, वाय कायम राहिले. पण श्रीमंतांच्या शाळांनी ती मनावर घेतली नाही, गरिबांनी संशय धरला, आणि ती अर्धवटच राहिली. १९८६ मध्ये हुकूमशहा दुव्हालिए पळाल्यावर कॅथॉलिक चर्चने प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम काढली, तीही दोन वर्षांत थांबली. १९८७ च्या राज्यघटनेने मात्र क्रेयोलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केले.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपात हजारो शाळा पडल्या किंवा खिळखिळ्या झाल्या. जगभरातून मदत आली. बहुसंख्य मुले खाजगी शाळांत फी भरून शिकत असल्यामुळे या मदतीचा पुष्कळसा उपयोग फीसाठी झाला. परदेशातून पेट्या भरून आलेल्या फ्रेंच आणि इंग्रजी पुस्तकांचा खेड्यांतील मुलांना फारसा उपयोग नव्हता, हे मदत करणाऱ्यांनाही उशिराच उमगले. २०२२ मध्ये सरकारने जाहीर केले की, पहिल्या चार इयत्तांसाठी सरकारी पैसा फक्त क्रेयोल पुस्तकांना मिळेल. त्यानंतर सर्व विषय एकाच पुस्तकात घेऊन ते मुलांच्या हाती देण्याचे काम सुरू झाले, म्हणजे आईबापांना वेगवेगळी पुस्तके विकत घ्यावी लागू नयेत. राजधानीतील पुष्कळ शाळा टोळ्यांच्या गोळीबारामुळे बंद पडल्या, आणि त्यांतल्या कित्येक इमारतींत घरदार सोडून आलेली कुटुंबे राहू लागली.