‘ळ’ : उच्चार, लेखन आणि नियम

इंदूर, ग्वाल्हेरसारख्या हिंदी भागात राहणाऱ्या आपल्या घरांमध्ये मराठीचे जे अक्षर सर्वांत आधी सुटते, ते ‘ळ’. होळकरांचे ‘होलकर’, टिळकांचे ‘तिलक’ आणि काळ्यांचे ‘काले’ झालेले आपण रोज वाचतो. म्हणून या अक्षराची आवश्यक माहिती येथे एकत्र देत आहोत.

उच्चार

‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. ‘ळ’ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागते आणि पुढे सुटते. ‘ड’ची जागा तीच ‘ळ’ची. मुलांना शिकवताना आधी ‘ड’ म्हणायला लावावे आणि त्याच जागी जीभ ठेवून बाजूंनी हवा सोडायला सांगावे.

हा फरक केवळ ढंगाचा नाही, त्याने अर्थ बदलतो : वेल–वेळ, काल–काळ, माल–माळ, लाल–लाळ, मूल–मूळ, कल–कळ. ‘तुझी वेळ झाली’ आणि ‘तुझी वेल झाली’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

‘ळ’ आला कोठून?

ऋग्वेदात दोन स्वरांमधल्या ‘ड’च्या जागी ‘ळ’ येतो. अगदी पहिल्याच ऋचेत तो आहे. पुढच्या अभिजात संस्कृतात तो राहिला नाही. मराठीत तो मुख्यतः दोन वाटांनी आला.

१. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ : फल–फळ, काल–काळ, बाल–बाळ, शाला–शाळा, कोकिला–कोकिळा.
२. दोन स्वरांमधला ‘ड’ : गुड–गूळ, षोडश–सोळा, दाडिम–डाळिंब, तडाग–तळे.

मूळ शब्दात ‘ल’ जोडाक्षरात असेल, तर मराठीत बहुधा ‘ल’च राहिला : मूल्य–मोल, गल्ल–गाल. ‘काळ’ आणि ‘काल’ यांचे कोडेही येथेच सुटते. ‘काळ’ हा संस्कृत ‘काल’पासून आला, तर ‘काल’ (कालचा दिवस) हा ‘कल्य’पासून.

लिहिताना लक्षात ठेवावे

- मराठी शब्दाची सुरुवात ‘ळ’ने होत नाही.
- संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांत ‘ल’ राहतो : फलश्रुती, कालगणना, मूलभूत, जलाशय. मराठी घडणीच्या शब्दांत ‘ळ’ : फळझाड, काळवेळ, मूळपुरुष. काही जोड्या शेजारी नांदतात : मंगलकार्य, पण मंगळवार आणि मंगळसूत्र.
- शब्दाच्या शेवटच्या ‘ळ’आधीचा इकार-उकार दीर्घ, विभक्ती लागली की ऱ्हस्व : तीळ–तिळाचा, गूळ–गुळाची, मूळ–मुळाशी, धूळ–धुळीत. म्हणून तिळगूळ, पण तिळगुळाचे लाडू.
- इंग्रजीतून आलेल्या शब्दांत ‘ल’च लिहावा : फाइल, टेबल, हॉटेल.

शेजारच्या भाषांत

गुजराती, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांच्या लिप्यांत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर आहे, कोकणीतही तो आहे. त्यामुळे बडोदा, बेळगाव, हैदराबाद आणि गोव्यातील मुलांच्या कानावर तो घराबाहेरही पडतो. प्रमाण हिंदीत मात्र तो नाही. तरी राजस्थानीत आणि आपल्या आसपासच्या माळवी बोलीत तो ऐकू येतो, तेव्हा इथल्या मातीला तो परका नाही. उलट मराठीच्याच वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ती त्या बोलीची रीत आहे, चूक नव्हे.

जुन्या मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, पण ‘ळ’ला मोडीत वेगळे अक्षर आहे. घराण्याच्या नावात ‘ल’ की ‘ळ’ असा प्रश्न पडला, तर घरातला मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावा.

आडनावांबद्दल

रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जातात. तेथून नाव पुन्हा देवनागरीत आले की ‘ळ’ हरवतो. केळकर, जोगळेकर, कांबळे, चिपळूणकर यांत ‘ळ’. गोखले, दामले, फुले, वेलणकर यांत ‘ल’. पळसुले यांत दोन्ही. कुलकर्णी आणि कुळकर्णी ही दोन्ही रूपे प्रचलित आहेत. ज्या घरात जे चालते ते लिहावे. अंदाजाने सगळीकडे ‘ळ’ घालणे हीही चूकच.

सरकारी कागदांवर जे नाव नोंदले आहे ते तसेच ठेवावे. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे झाले तर अडचण होते. पण लग्नपत्रिका, दारावरची पाटी, वंशावळ आणि मंडळाचे अर्ज येथे आपले नाव आपल्या हातात असते. तेथे ते मराठीत, जसे आजी-आजोबा उच्चारत तसे लिहावे.

संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ल’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ळ’ मिळतो.