तगादा आणि हुकूमनामा

‘तगादा’ हा शब्द अरबी, ‘हुकूमनामा’ आणि ‘दरखास्त’ फारसीच्या वाटेने आलेले, तर ‘लिलाव’ पोर्तुगिजांचा. आपल्या वसुलीची भाषा अशी तीन मुलखांची आहे.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचे वर्णन आहे. साध्या मागणीपासून सुरुवात, मग दारात माणूस बसवायचा, ऋणकोचे जेवण अडवायचे, प्रसंगी डोक्यावर धोंडा देऊन त्याला उन्हात उभे करायचे! धरणे त्याच जातीचे. १८६० च्या दंडसंहितेने धरण्याचे उदाहरण देऊनच ते गुन्ह्यात घातले. बरेच झाले, रीत क्रूर होती. पण तिला ऋणकोचे दार ठाऊक असे.

पुढे वसुली कोर्टाकडे गेली. १८७२ च्या सुमारास प्रिव्ही कौन्सिलनेच म्हटले, की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. त्यात ऋणको कंपनी असली तर पाहायलाच नको. कंपनी ही भागधारकांहून निराळी व्यक्ती, हे लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८९६ मध्ये सॉलोमन खटल्यात पक्के केले.

माझ्या ओळखीच्या एका छापखानेवाल्याने छपाईच्या बिलाचा दावा एका कंपनीविरुद्ध जिंकला. बेलिफ जप्तीला गेला, तर जागा भाड्याची, यंत्रे बँकेकडे गहाण. संचालकांचा बंगला? तो कंपनीचा नव्हे. “शायरसाहेब, धरणं तरी कुणाच्या दारात धरू?” त्याने मला विचारले.

१९५६ च्या कंपनी कायद्यात एक धाक होता. पाचशे रुपयांवरचे देणे नोटिशीनंतर तीन आठवड्यांत दिले नाही, तर कंपनी गुंडाळण्याचा अर्ज करता येई. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने तो मार्ग बदलला. २०२० पासून तिथे किमान थकबाकी एक कोटीची लागते. आणि दुसऱ्या कुणी कंपनीला तिथे खेचले, की स्थगितीने आपली दरखास्तही थांबते. लहान माणसाची ही सरळ कोंडी आहे, असे मला वाटते.

तरी दिवाणी संहितेच्या एकविसाव्या आदेशातला नियम ४१ वकिलाला जरूर विचारा. त्याखाली कंपनीच्या अधिकाऱ्याला कोर्टात बोलावून मालमत्ता विचारता येते. १९७६ च्या दुरुस्तीने प्रतिज्ञापत्राची सक्तीही आली. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. छापखानेवाल्याने तसा अर्ज दिला, तेव्हा कुठे कंपनीचे एक बँक खाते उघडकीस आले. दरखास्तीला मुदत बारा वर्षांची. त्याची सात सरली होती.