१६ ते २० फेब्रुवारी २०१५ : कोल्हापूरचे दोन जखमी

१/ २० फेब्रुवारी हा कॉम्रेड गोविंद पानसरे यांचा स्मृतिदिन. मात्र त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या १६ फेब्रुवारीला. मधले चार दिवस आणि त्यांच्यासोबत जखमी झालेली दुसरी व्यक्ती, यांविषयी फारसे बोलले जात नाही. हा धागा त्यांच्याविषयी.

२/ सोमवारची सकाळ. सागरमाळ परिसरात फेरफटका आटोपून पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई घरी परतत होते. घर हाकेच्या अंतरावर असताना मोटारसायकलवरून आलेल्यांनी जवळून गोळ्या झाडल्या. पानसरे गंभीर जखमी झाले. उमाताईंच्या डोक्याला इजा झाली.

३/ पानसरे तेव्हा ८१ वर्षांचे होते. वकील, कम्युनिस्ट नेते, ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तिकेचे लेखक आणि कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाचे एक अग्रणी. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते.

४/ दोघांनाही शहरातल्याच ॲस्टर आधार रुग्णालयात दाखल करण्यात आले. अशा वेळी ‘आधी पोलीस, मग उपचार’ असे म्हणण्यास डॉक्टरांना मुभा नाही. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य होय. कायदेशीर सोपस्कार नंतर.

५/ तरीही गोळीबारातील जखमीवर उपचार करताना रुग्णालय पुराव्याचेही रक्षण करत असते. जखमांची नोंद आणि शरीरातून काढलेली गोळी न्यायवैद्यक तपासात मोलाची ठरते. पानसरे आणि कलबुर्गी यांच्यावरील हल्ल्यांतील दुवे शोधताना अशाच शास्त्रीय तुलनेचा आधार घेतला गेला.

६/ २० फेब्रुवारीला पानसरे यांना विमानाने मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात हलवण्यात आले. त्याच रात्री त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठी, त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला.

७/ त्या वेळी उमाताई स्वतः उपचार घेत होत्या. त्या बचावल्या. परंतु मेंदूला झालेली इजा टाके काढल्याने संपत नाही; बोलणे, चालणे, आठवणे यांसाठी महिनोन्‌महिने झटावे लागते. शिवाय अशा जखमीकडे तपास यंत्रणा साक्षीदार म्हणून पाहत असते. बरे होत असतानाच त्याला तोच क्षण पुन्हा आठवावा लागतो.

८/ १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जण मरण पावले आणि ७१३ जखमी झाले. मृतांची नावे स्मारकांवर कोरली जातात. जखमींचा मात्र केवळ आकडा उरतो, आणि त्यांच्या यातना घराच्या चार भिंतींआड राहतात.

९/ म्हणून एखाद्या हल्ल्याचा इतिहास वाचताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : रुग्णालयातून घरी कोण परतले? आणि परतल्यावर त्यांचे पुढे काय झाले? सागरमाळच्या त्या रस्त्यावर त्या सकाळी दोघे कोसळले होते. २० फेब्रुवारीला पानसरे यांचे स्मरण करताना उमाताईंचेही नाव घ्यावे.