मिठी नदीचा पूर्ववृत्तांत

घणसोली गांवाच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे व खाडीपलीकडे साष्टी. या साष्टीच्या डोंगरांत, विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांतून, मिठी नदी निघते आणि कुर्ल्यावरून सुमारें १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. आज मुंबईकर तिला बहुधा नाला समजतात. परंतु एके काळीं हीच दोन राज्यांची सीमा होती, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नाहीं.

इ. स. १७३७ त मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून ठाणें घेतलें. त्याच सालीं मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न यानें नदीच्या दक्षिण कांठीं, आजच्या धारावींत, एक लहानसा किल्ला बांधविला; तोच काळा किल्ला. त्यावरील लेखांत हें साल कोरलेलें आहे. दोन्ही गोष्टी एकाच वर्षीं घडाव्या, हा निव्वळ योगायोग आम्हांस तरी वाटत नाहीं. पुढें १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेईपर्यंत या पाण्याच्या उत्तरेस मराठे व दक्षिणेस इंग्रज, अशी स्थिति होती. सालबाईच्या तहानें (१७८२) साष्टी इंग्रजांकडे कायम झाली.

सीमा मिटली, तशी नदी अडचणीची वाटूं लागली. माहीमहून वांद्र्यास होडींतून जाणें जिवावरचें असे. म्हणून लेडी अवाबाई जीजीभाई यांनीं दीड लाखांहून अधिक रुपये देऊन तेथें बांधरस्ता करविला. तो १८४५ त पुरा झाला. प्रवाशांचा धोका टळला. नदीचें मुख मात्र आवळलें गेलें. पुढें तहानलेल्या मुंबईसाठीं १८६० त विहारचें धरण झालें आणि उगमहि अडला. १८९१ च्या सुमारास झालेल्या पवई तलावाचें पाणी तर पिण्यास निरुपयोगी ठरलें! उगमाचें पाणी शहरास आणि शहराचें सांडपाणी नदीस, असा हा विपरीत व्यवहार तेव्हांपासून चालत आला. विसाव्या शतकांत विमानतळाच्या धांवपट्टीपायीं पात्र काटकोनांत वळविलें. मुखाजवळच्या खारफुटीच्या दलदलींत भराव घालून वांद्रें-कुर्ला संकुल उभें राहिलें.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास तो सुमारें ७३ च होता. दुपारीं समुद्रास मोठी भरती होती. उतरण्यास वाट न मिळालेलें पाणी कुर्ला, कलिना व विमानतळ यांवर पसरलें. त्या पावसांत मुंबईंत शेंकडों माणसें दगावलीं. पुढच्याच महिन्यांत सरकारनें मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण नेमलें. या नांवांत विकास आधीं व संरक्षण मागून आलें आहे, तें असो. तेव्हांपासून गाळ उपसणें, पात्र रुंद करणें, कांठांस भिंती घालणें अशीं कामें होत आलीं आहेत. आणि भरतीचें पाणी आजहि माहीमवरून आंत चढतें.