रॉड्रिग्ज आडनावाचे कूळ

दांडी-तारापूरच्या किनाऱ्यापासून खाली वसईपर्यंत आपल्या कॅथलिक समाजात रॉड्रिग्ज हे आडनाव परिचयाचे आहे. आपण ते पोर्तुगीज समजतो आणि ते खरेच आहे. परंतु पोर्तुगीजांनाही ते इतरांकडून मिळाले. त्याचे मूळ जर्मानिक आहे, म्हणजे आजची जर्मन ज्या भाषाकुळातील आहे त्याच कुळातले.

प्राचीन जर्मानिक बोलींत 'ह्रोथ' म्हणजे कीर्ती आणि 'रिक' म्हणजे सत्ताधीश. या दोन शब्दांच्या जोडणीतून झालेले नाव जर्मन भाषेत रोडरिख, तर पोर्तुगीज भाषेत रॉड्रिगो असे रूढ झाले. शेवटचा प्रत्यय पुत्रवाचक आहे. रॉड्रिगोचा मुलगा तो रॉड्रिग्ज. फर्नांडिस व गोन्साल्विस यांची घडणही अशीच. नागासाकी येथे १५९७ साली क्रुसावर हौतात्म्य पत्करणारे वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे 'गोन्सालो' हे नावही जर्मानिकच होय.

पाचव्या शतकात रोमन साम्राज्य खिळखिळे झाले, तेव्हा स्वेबी आणि व्हिसिगोथ या जर्मानिक टोळ्या आजच्या स्पेन-पोर्तुगालमध्ये शिरल्या. व्हिसिगोथ ख्रिस्ती होते, पण आरियसच्या पाखंडी मताचे. त्यांचा राजा रेकारेड याने ५८७ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि ५८९ च्या तोलेदो येथील तिसऱ्या धर्मपरिषदेत ती राज्याची श्रद्धा म्हणून जाहीर झाली. राज्यकर्ते आणि रयत एकाच वेदीभोवती आली. पुढे गोथांची भाषा लोपली, नावे मात्र उरली. ७११ साली मूर सैन्याकडून पराभूत झालेल्या गोथ राजाचे नावही रॉड्रिगोच होते.

आपल्याकडे हे आडनाव पोर्तुगीज अमदानीत आले. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर व वसई मराठ्यांनी जिंकून घेतली. त्या दोन शतकांत स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव देण्याचा प्रघात होता. साहजिकच, एकमेकांशी काडीचेही नाते नसलेली अनेक घराणी एकाच आडनावाखाली आली. या आडनावाचा आपल्याकडील विस्तार वंशविस्ताराने झालेला नाही, तो मुख्यत्वे संस्काराने झाला आहे. म्हणूनच आडनाव पाहून कोणी आपल्याला परकीय रक्ताचे ठरवू लागला, तर त्याला इतिहासाचा आधार नाही. आपली बोली, आपली शेती-मासेमारी आणि आपली लग्नगीते याच मातीतली आहेत.

या इतिहासाचा संबंध आजच्या सोयरिकींशीही येतो. 'दोन्हीकडे रॉड्रिग्ज, म्हणजे भाऊबंदच' अशी शंका काढून चांगले स्थळ नाकारू नये. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेनुसार विवाहास आड येते ते रक्ताचे नाते. सख्ख्या चुलत, मामे, आते व मावस भावंडांपर्यंत ही मनाई आहे. केवळ आडनाव समान असणे ही बाधा नव्हे. उलट आडनावे भिन्न असूनही वधूवर मावसभावंडे असू शकतात.

तेव्हा नाते पाहायचे ते नोंदींत. धर्मग्रामाच्या नोंदवहीत आईवडिलांची व धर्मपालकांची नावे असतात. त्यांना जोड म्हणून प्रत्येक कुटुंबाने आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांची नावे, त्यांची माहेरे आणि घराण्याचे गावातील रूढ नाव एका वहीत उतरवून ठेवावे, अशी आम्ही सर्वांस विनंती करतो. ही माहिती ज्यांना मुखोद्गत आहे, ती वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत तोवरच हे काम होईल.