मे महिन्यातली शाळा

आपल्या बॅचमधले बरेच जण मे महिन्यात चर्चच्या सुट्टीतल्या शाळेत जायचे. मीही जायचे. आपल्या एका मैत्रिणीची आई, म्हणजे सगळ्यांच्या काकू, ती चालवायच्या. गाणी, गोष्टी, हस्तकला आणि शेवटी सरबत!

या शाळेचं एक मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. १८९८ च्या उन्हाळ्यात ईस्ट साइडच्या रस्त्यांवर भटकणारी मुलं पाहून श्रीमती हॉज यांनी बिअरचा गुत्ता भाड्याने घेतला आणि तिथे वर्ग भरवले. १९०१ पासून पाद्री रॉबर्ट बोव्हिल यांनी या कल्पनेचा प्रसार केला. पुढे ती देशोदेशींच्या चर्चमध्ये रुजली.

इतिहासात संस्थापकांची नावं राहतात. घरचं सगळं उरकून, आपल्या लेकरांसोबत आमच्यासारख्या परधर्मीय मुलांनाही सांभाळणाऱ्या आयांची नोंद कुठेच नसते. काकूंची निदान या स्मरणिकेत असावी.