शिलेदाराचे हातमोजे : हिंगोलीची छावणी, फ्रान्सचा हिवाळा आणि सियाचीन

१/
बंदूक चालवणाऱ्याने थंडीत कोणता हातमोजा घालावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. जाड मोजा बोटे वाचवतो, पण चाप जाणवू देत नाही. पातळ मोजा चाप जाणवू देतो, पण बोटे गोठतात. या पेचाने शंभर वर्षांत अनेक सैनिकांची बोटे घेतली. त्याच्या इतिहासातील एक वाट हिंगोलीच्या जुन्या लष्करी छावणीतून निघते. हा धागा त्या वाटेविषयी.

२/
हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. आज हे शहर राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक १२ चे ठाणे म्हणून ओळखले जाते. परंतु गणवेशाशी त्याचे नाते दोनशे वर्षांचे आहे. १८१९ पासून १९०३ पर्यंत येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकुमात चालणारी ही फौज. तिचाच खर्च भागवण्यासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला.

३/
कंटिंजंटच्या पलटणी आणि रिसाले हिंगोली, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई), बोलारम अशा ठाण्यांत आळीपाळीने राहत. हा सारा मुलूख उष्ण. पौष-माघात पहाटे हुडहुडी भरते, पण शेकोटी, घोंगडी आणि कानटोपी एवढ्यावर ती भागते. हात घोंगडीच्या आत ओढून घेतले की झाले. म्हणूनच मराठवाड्याच्या पारंपरिक पोशाखात डोक्याला, कानाला, पाठीला पांघरूण आहे, बोटांना नाही. त्याची गरजच कधी पडली नव्हती.

४/
येथे एक जुना शब्द आठवावा लागतो : शिलेदार. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा व शस्त्र सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची सामग्री घेऊन चाकरीस येई. इंग्रजांनी ही पद्धत थोड्या फरकाने उचलली आणि तिला 'सिल्लादार' म्हटले. स्वाराला पगार थोडा अधिक मिळे. त्यातून घोडा, खोगीर, कपडे, तंबू यांची तजवीज त्याने रेजिमेंटच्या निधीमार्फत स्वतः करायची. सरकार देई ते मुख्यतः बंदूक आणि काडतुसे.

५/
अर्थात, हातमोजा लागला तर तो स्वाराच्या खर्चाचा भाग. दख्खनमध्ये ही व्यवस्था उत्तम चालली, कारण तेथे हातमोजा लागतच नव्हता. कापडी गणवेश स्वस्त होता, तो शिवणारे शिंपी आणि चामड्याचे काम करणारे कारागीर छावणीच्या बाजारातच होते. व्यवस्थेची खरी परीक्षा अद्याप व्हायची होती.

६/
१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला आणि १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली. हिंगोलीची छावणी उठली. घोडदळाच्या चारपैकी एक रेजिमेंट मोडली. उरलेल्या तिघींना नवी नावे मिळाली : २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स (डेक्कन हॉर्स) आणि ३० वी लान्सर्स (गॉर्डन्स हॉर्स). अकरा वर्षांनी या तिन्ही रेजिमेंट फ्रान्सच्या रणभूमीवर होत्या.

७/
२० व्या डेक्कन हॉर्समध्ये दख्खनी मुसलमान, जाट आणि शीख असे स्वार होते. ही रेजिमेंट सिकंदराबाद घोडदळ ब्रिगेडचा भाग होती. पूना हॉर्स याच ब्रिगेडमध्ये. ऑक्टोबर १९१४ मध्ये ब्रिगेड मार्सेय बंदरात उतरली. पहिल्या हिंदी तुकड्या फ्रान्सला पोहोचल्या तेव्हा त्यांच्या अंगावर बहुतांशी उन्हाळी खाकी कापड होते. उबदार कपडे मागाहून, हप्त्याहप्त्याने आले. नोव्हेंबरच्या मध्यास मात्र हिम पडू लागले होते.

८/
घोडदळाला घोड्यावर बसून लढण्याची संधी तेथे नव्हती. स्वार खाली उतरून फेस्त्यूबेरजवळच्या खंदकांत गेले. दर चार घोड्यांमागे एक माणूस लगाम धरून मागे थांबे. बाकीचे रायफल घेऊन चिखलात. २४ नोव्हेंबर १९१४ रोजी याच भागात पूना हॉर्सच्या लेफ्टनंट फ्रँक डी पास यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारी कामगिरी केली आणि दुसऱ्याच दिवशी ते मारले गेले. त्या खंदकांत गुडघाभर गारठलेले पाणी होते. पाय सडत होते, हात बधिर होत होते.

९/
बधिर हाताचा अर्थ समजण्यासाठी तेव्हाची ली-एनफिल्ड रायफल समजून घ्यावी लागेल. प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. पाच काडतुसांची पट्टी अंगठ्याने दाबून खजिन्यात भरायची. आणि चाप दोन टप्प्यांत ओढायचा : पहिला टप्पा सैल, मग किंचित अडथळा, मग गोळी. नेम साधणाऱ्याचे सारे कौशल्य तो अडथळा तर्जनीने ओळखण्यात असते.

१०/
थंडीत शरीर प्रथम हातापायांचा रक्तपुरवठा आवळते, कारण हृदय आणि मेंदू वाचवणे त्याला अधिक महत्त्वाचे असते. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बारीक कामातील सफाई घटू लागते. आणखी खाली गेले की स्पर्शच हरपतो. म्हणजे हिमदंशाच्या कितीतरी आधी सैनिकाचा हात निकामी होतो. बोट शाबूत दिसते, पण चापाचा दुसरा टप्पा त्याला कळत नाही.

११/
मग मोज्यांचे पर्याय कोणते होते?
• पाच बोटांचा लोकरी मोजा : पकड बरी, पण प्रत्येक बोट वेगळे असल्याने ऊब लवकर निघून जाते.
• चार बोटांची एकच पिशवी आणि अंगठा वेगळा : सर्वांत उबदार, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. पण चापाच्या कडीत बोट जात नाही.
• बोटांची टोके उघडी असलेला मोजा : चाप जाणवतो, काडतूस हाताळता येते. पण उघडे टोकच प्रथम गोठते.
• चामड्याचा मोजा : वारा अडवतो, भिजून वाळला की कडक होतो.

१२/
स्वाराचा पेच पायदळातील शिपायाहून दुहेरी होता. घोड्यावर असताना डाव्या हातात ओला लगाम, उजव्या हातात भाला किंवा तलवार. त्यासाठी मजबूत पकडीचा, मनगट झाकणारा चामडी मोजा हवा. खंदकात उतरला की त्याच हाताला रायफलचा चाप हाताळायचा. त्यासाठी नरम, पातळ मोजा हवा. एका जोडीत दोन्ही गोष्टी बसत नाहीत. आणि कापसाचा मोजा तर निरुपयोगीच, कारण भिजलेला कापूस हाताची ऊब झपाट्याने शोषून घेतो. लोकर मात्र ओली असतानाही काही ऊब राखते.

१३/
येथेच शिलेदारी पद्धत कोलमडली. आपली सामग्री आपण आणावी, हा नियम छावणीत बाजार असतो तोवरचा. आर्त्वाच्या खंदकात स्वार हातमोजा कोठून विकत घेणार? मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा कोठून आणणार? फ्रान्समध्ये सरकारलाच सारे पुरवावे लागले. शतकभर 'स्वाराचा खासगी खर्च' म्हणून नोंदलेली वस्तू पहिल्याच हिवाळ्यात युद्धसामग्री ठरली.

१४/
सरकारी पुरवठा अपुरा पडे तेथे लोकांची देणगी आली. ऑक्टोबर १९१४ मध्ये लंडनमध्ये 'इंडियन सोल्जर्स फंड' स्थापन झाला. त्याने मफलर, मोजे, हातमोजे, कानटोप्या अशा उबदार वस्तू हिंदी सैनिकांपर्यंत पोहोचवल्या. त्याच काळात लंडनच्या लायसियम क्लबमधील स्त्रिया सैनिकांसाठी कपडे तयार करत होत्या. त्यांत सरोजिनी नायडू होत्या. त्यांनी बेतलेल्या कपड्यांचा ढीग गांधीजींपुढे ठेवला आणि तो शिवून आणण्यास सांगितले, अशी आठवण गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे. हैदराबादची कन्या लंडनमध्ये कपडे गोळा करत होती, आणि हैदराबादच्या जुन्या फौजेचे वारसदार त्याच हिवाळ्यात फ्रान्समध्ये होते.

१५/
डेक्कन हॉर्सने फ्रान्समध्ये चार हिवाळे काढले. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूडजवळ तिने भाले सरसावून केलेला हल्ला इतिहासाच्या पुस्तकांत येतो. त्यानंतर आलेला १९१६-१७ चा हिवाळा युद्धकाळातील अतिशय कडक हिवाळ्यांपैकी एक होता. त्याची चर्चा क्वचितच होते. १९१८ च्या आरंभी हिंदी घोडदळ पॅलेस्टाइनकडे रवाना झाले. युद्ध संपल्यावर शिलेदारी पद्धत मोडीत निघाली. १९२१ मध्ये २० वी आणि २९ वी या रेजिमेंट एकत्र आल्या. आजच्या भारतीय सैन्यातील रणगाड्यांची 'डेक्कन हॉर्स' ती हीच.

१६/
हातमोज्याच्या रचनेचा पेच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बराचसा सुटला. सोव्हिएत आणि अमेरिकी सैन्यांनी असा मोजा वापरला, ज्यात अंगठा आणि तर्जनी वेगळी, उरलेली तीन बोटे एका पिशवीत. ऊबही राहते आणि चापही ओढता येतो. पुढे बंदुकीनेही हातमोज्याशी जुळवून घेतले : अमेरिकी एम-१६ रायफलच्या चापाखालची कडी खाली उघडता येते, ती जाड मोज्यातील बोटासाठीच.

१७/
उपाय ठाऊक असणे आणि तो सैनिकाच्या हातात असणे, यांत अंतर असते. ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू नदीकाठी ७ व्या ब्रिगेडचे जवान सुती गणवेशात उभे होते. त्यांचे ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी पुढे 'हिमालयन ब्लंडर' या पुस्तकात त्या दुर्दशेचे सविस्तर वर्णन केले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हाचे. देशभर स्त्रिया जवानांसाठी लोकरी कपडे विणू लागल्या. १९१४ चे लंडन १९६२ मध्ये भारतातील घराघरांत अवतरले. ममता दोन्हीकडे खरी होती, आणि पुरवठा दोन्हीकडे उशिरा पोहोचला होता.

१८/
१३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सैन्य सियाचीनच्या खिंडींवर उतरले. त्याआधीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पाकिस्तानने बर्फाळ प्रदेशाचे कपडे लंडनच्या ज्या व्यापाऱ्याकडे मागवले, तोच भारतालाही पुरवठा करत होता, आणि त्या मागणीवरून पाकिस्तानच्या बेताचा सुगावा लागला, असे सांगितले जाते. १९१४ मध्ये विस्मरणात गेलेली वस्तू आता मोहिमेची तारीख ठरवण्याइतकी महत्त्वाची झाली होती.

१९/
अठरा हजार फुटांहून उंच चौक्यांवर पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो. तेथे उघड्या त्वचेने बंदुकीच्या नळीला स्पर्श केला की त्वचेवरील ओलावा गोठतो आणि कातडी धातूला चिकटते. म्हणून तेथे एक मोजा नसतो, थर असतात : आत त्वचेलगत पातळ मोजा, त्यावर उबेचा, सर्वांत बाहेर वारा व हिम अडवणारा. गोळी झाडायची वेळ आली की बाहेरचे थर निघतात, आतला कधीच नाही.

२०/
हे थर दीर्घकाळ परदेशातून येत. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने अतिथंड प्रदेशातील कपड्यांच्या खरेदीतील विलंब आणि हिमचष्म्यांचा तुटवडा यांवर बोट ठेवले. डिसेंबर २०२१ मध्ये डीआरडीओने अधिक १५ ते उणे ५० अंशांसाठी बेतलेल्या त्रिस्तरीय पोशाखाचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांकडे सोपवले.

२१/
शांततेतही तत्त्व तेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांच्या ५० मीटर रायफल प्रकारात नेमबाज आधाराच्या हातात जाड मोजा घालतात. नियमानुसार त्याची एकूण जाडी १२ मिलिमीटरच्या आत हवी. चापाचे बोट मात्र मोकळे. दोन हातांची कामे वेगळी, म्हणून मोजेही वेगळे. थंडीत सराव करताना जाड मोजा घातलाच, तर चापाच्या कडीत शिरणारे कापड नकळत चाप दाबू शकते, हा धोका ध्यानात ठेवावा लागतो.

२२/
डिसेंबरात पहाटे मोटारसायकलवरून हळद घेऊन वसमतच्या बाजाराकडे निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात आज मोजे दिसतात. त्यालाही तीच कसोटी लागू पडते. मोजा वारा अडवणारा हवा, पण क्लच आणि ब्रेक जाणवले पाहिजेत. तो घट्ट नसावा, कारण घट्ट मोजा रक्तप्रवाह आवळून बोटे अधिकच गार करतो. भिजला तर बदलायला दुसरी जोडी सोबत हवी. हा शेतकरी एका अर्थाने शिलेदारच आहे : स्वतःचे वाहन, स्वतःचा मोजा, स्वतःची निवड. त्याला बाजार जवळ आहे.

२३/
खंदकातील स्वाराला तो नव्हता. सैनिकाला जेथे स्वतः निवड करता येत नाही तेथे ती दुसऱ्या कोणी वेळेवर केलेली असावी लागते. १९१४ आणि १९६२ चे हिवाळे एवढ्यासाठी वाचायचे. मराठवाड्यातील ज्या घरांत कंटिंजंटच्या किंवा पहिल्या महायुद्धाच्या काळातील पदके, पत्रे, विणलेले मोजे वा मफलर जपले गेले असतील, त्यांची छायाचित्रे आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी आताच नोंदवून ठेवाव्यात. लोकरीला कसर लागते.

(धागा समाप्त)